थोडंच राहिलं होतं, तेवढ्यात लाईट गेली

मे महिन्याचा दुसरा आठवडा. लग्नसराई भरात, आणि दुपारी आभाळ भरून येऊन संध्याकाळी वळीव कोसळणं हे रोजचं. आमचं तालुक्याचं गाव सांगली जिल्ह्यातलं. विजेचा पहिला कडकडाट झाला की लाईट जाते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. अशाच एका संध्याकाळी बाजारपेठेतल्या फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानदाराने आपल्या कॉम्प्युटरचं बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डावरच्या चिपेतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायला घेतलं.

तीन दिवसांनी ते कॅबिनेट माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर आलं. मधल्या दिवसांत दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने रॅम खोडरबरने घासून परत लावली आणि ‘बोर्ड गेला’ म्हणाला. दुसऱ्याने प्रोसेसर काढून घातला, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलून पाहिला आणि तोही ‘बोर्ड गेला’च म्हणाला. दोघांनीही जुन्या बोर्डाचे भाव सांगितले होते. पण मालकाची अडचण बोर्डाच्या किमतीपुरती नव्हती. त्याचं मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर मशीनच्या ओळखीला बांधलेलं होतं. बोर्ड बदलला की लायसन्स पुन्हा मागायला लागणार, आणि ते विकून गेलेल्या माणसाचा फोन लागत नव्हता. इकडे सतरा तारखेच्या लग्नाच्या पत्रिका अडकलेल्या.

“दादा, थोडंच राहिलं होतं हो,” तो पुन्हा पुन्हा सांगत होता. “पट्टी जवळजवळ भरली होती. अजून अर्धा मिनिट लाईट टिकली असती तर झालंच होतं.”

मी ते हळहळ म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं. निदान त्याच वाक्यात होतं, हे कळायला मला दुसरी संध्याकाळ उजाडावी लागली.

आधी मशीनविषयी. सॉकेट ११५१, एच११० चिपसेट, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय५-६५०० प्रोसेसर. बोर्ड कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण यात कंपनीचा दोष नव्हता. हा प्रोसेसर २०१५ सालचा, चार कोअरचा. मोठ्या फ्लेक्सच्या फाईली उघडताना मशीन दमायचं, म्हणून मालकाने सातव्या पिढीचा आय७-७७०० जुना मिळवला होता. त्यातही कोअर चारच, पण थ्रेड आठ. सॉकेट तोच, चिपसेटलाही चालतो. अडचण एवढीच, की सातवी पिढी बाजारात आली २०१७च्या जानेवारीत आणि बोर्डावरचं बायोस त्याआधीचं. जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही. तेव्हा जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच आधी बायोस अपडेट करायचं, मग प्रोसेसर बदलायचा. मालकाला हे नीट माहीत होतं. फाईलही त्याने बरोबर मॉडेलचीच उतरवली होती, आणि अपडेटही विंडोजमधून न करता बायोसच्या स्वतःच्या मेनूतून सुरू केलं होतं. यूपीएस होता, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. म्हणजे माणूस निष्काळजी नव्हता. हे लिहितो, कारण अशा वेळी दुकानात येणाऱ्याला आपण सगळे पहिल्यांदा दोन शब्द सुनावतो.

आधी संशय सगळ्यांवर

‘बायोस अपडेट करताना गेला’ ही गिऱ्हाइकाने सांगितलेली हकीकत. ती खरी असली तरी तेवढाच दोष आहे असं धरून चालता येत नाही. त्या संध्याकाळी विजा चमकत होत्या, लाईट दोनदा येऊन गेली होती. त्या झटक्यात एसएमपीएस किंवा बोर्डावरचा पुरवठा जाऊ शकतो. शिवाय दोन जणांचे हात लागून आले होते. ११५१च्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. प्रोसेसर तिरका उचलला की एखादी वाकते, आणि मग बायोस ठणठणीत असलं तरी बोर्ड मुकाच राहतो.

म्हणून क्रम स्वस्तातून महागाकडे. एसएमपीएस बोर्डापासून वेगळा केला, हिरवी तार काळीला जोडून चालू केला, आणि मोकळा न मोजता एक जुनी हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह त्यावर टाकून मोजला. १२.०८, ५.०६, ३.३३ व्होल्ट. जांभळ्या तारेवर स्टँडबायचे ५.०२. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, हे तर त्याहून फार आत होतं. सॉकेटवर टॉर्च तिरपी धरून भिंगातून पाहिलं. पिनांच्या रांगा सगळीकडे सारख्या चमकत होत्या. बोर्डावरचा सेल २.९६ व्होल्ट. तो काढला, बायोसची सेटिंग्ज पुसणारा क्लिअर सीमॉसचा जम्पर लावला, चहा पिऊन आलो, परत बसवला. काही फरक नाही.

मालकाने अपडेट फसल्यावर ‘आता बघू तरी’ म्हणून आय७ घालून पाहिला होता आणि तोच आत राहिला होता. तो काढून मी आय५ परत बसवला. चिपमध्ये आता जुनं बायोस आहे की नवं की अर्धंअर्धं, हे माहीत नसताना दोन्हींवर चालेल असाच प्रोसेसर तपासाला हवा, आणि सहावी पिढी दोन्हींवर चालते. आय५ आधी दुकानातल्या दुसऱ्या ११५१च्या बोर्डावर लावून पाहिला. तिथे डिस्प्ले आला. प्रोसेसर सुटला.

मग बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून खोक्यावर मांडला. फक्त प्रोसेसर, पंखा आणि तो छोटा स्पीकर. रॅम मुद्दाम लावली नाही. ही चाचणी फुकटची आहे आणि तिच्यावर माझा फार भरवसा आहे. बायोस जिवंत असेल तर रॅम नाही म्हणून ते ओरडतं. लांब बीप असेल, तीन बीप असतील, कंपनीगणिक वेगळं. पण गप्प बसत नाही. इथे पंखा पूर्ण वेगाने घोंघावत होता आणि स्पीकर गप्प. रॅम लावली, तरी तसंच. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबला तर दिवा लागेना. पंख्याचा पूर्ण वेगही काहीतरी सांगत होता. एरवी सुरुवातीच्या क्षणभर गरगरला की बायोस त्याला आवरतं. इथे आवरणारं कुणी नव्हतं.

थोडक्यात, वीज पोचत होती, प्रोसेसर चांगला होता, आणि त्याला करायला कुणी काही सांगत नव्हतं. बूट कुठे अडकलं ते आकड्यांत दाखवणारं डिबग कार्ड लावून दोन आकडे बघितले असते, पण माझं कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटचं आणि या बोर्डावर तो स्लॉटच नाही. ते कपाटातच राहिलं.

काही बोर्डांना मागच्या बाजूला एक बटण असतं. पेन ड्राइव्ह लावून ते दाबलं की प्रोसेसर नसतानाही बायोस लिहिलं जातं. काहींवर बायोसच्या दोन चिपा असतात, एक गेली तर दुसरी. या स्वस्तातल्या बोर्डावर दोन्हीही नव्हतं. मॅन्युअलमध्ये एक सोय लिहिली होती: फॅट३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर फाईल टाकून लावा, बोर्ड ती आपोआप उचलेल. तीन वेगळे पेन ड्राइव्ह, तीन वेगळी पोर्टं. पेन ड्राइव्हचा दिवा वीज मिळाल्यावर एकदा लुकलुकायचा आणि विझायचा. कुणी वाचायला येत नव्हतं. ती सोय चालायला बायोसचा बूट ब्लॉक, म्हणजे सगळ्यात आधी चालणारा भाग, तरी शाबूत लागतो. तो शाबूत नसावा, असा पहिला धागा इथे हाती लागला.

चिप

बायोस राहतं ते आठ पायांच्या एका चिपमध्ये, नखावर मावेल एवढ्या. या बोर्डावर २५क्यू१२८ होती, १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट. पूर्वी बायोसची चिप खोबणीत बसवलेली असायची, उपसून काढता यायची. १९९९च्या २६ एप्रिलला सीआयएच व्हायरसने जगभरच्या मशीनांची बायोसं पुसली, तेव्हा तीच खोबण कामाला यायची. तसाच दुसरा बोर्ड चालू करायचा, चालू असतानाच त्याची चिप हलक्या हाताने उपसायची, मेलेली चिप त्या जागी बसवायची आणि तिच्यावर लिहायचं. ऐकून अंगावर काटा येतो, पण चालायचं. आता बहुतेक बोर्डांवर चिप डाग देऊन बसवलेली असते, तेव्हा तो खेळ संपला.

आता लागतो प्रोग्रामर, म्हणजे चिप थेट वाचणारं आणि लिहिणारं यंत्र. सीएच३४१ए नावाची काळी पट्टी, यूएसबीला लावायची. चार-पाचशे रुपयांत मिळते आणि बहुतेक दुरुस्तीवाल्यांकडे असते. हिच्यात एक खोड आहे, आणि ती माहीत नसलेल्याने चिपेला हात लावू नये असं माझं मत आहे. पट्टीवर चिपेला पुरवठा ३.३ व्होल्टचा मिळतो, पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, कारण सीएच३४१ए स्वतः ५ वर चालते. पुष्कळ चिपा हे सोसतात. सोसतात म्हणून चालवून घेणं बरं नव्हे, कारण क्लिपने बोर्डावरच जोडलं तर तेच ५ व्होल्ट चिपसेटच्या पायांपर्यंत जातात. माझ्या पट्टीची २८ नंबरची पिन उचलून मी तिला ३.३ व्होल्टची तार दिली आहे. मल्टिमीटर लावून खात्री केलेली. १.८ व्होल्टच्या चिपा आल्या तर त्यांना वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. ही चिप ३.३चीच होती.

पहिल्यांदा चिपेच्या पायांना चिमट्यासारखी क्लिप लावली, चिप न काढता. एसएमपीएस सोडवलेला, सेल काढलेला. पहिल्या वाचनात चिपेची ओळख ईएफ ४० १८ अशी बरोबर आली. पूर्ण वाचन तीनदा केलं आणि तिन्हींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारे पडताळणीचे आकडे, वेगवेगळे. चौथ्यांदा तर ओळखही एफएफ एफएफ एफएफ. कारण सरळ आहे. बोर्डावरची चिप एकटी नसते. क्लिपमधून जाणारे ३.३ व्होल्ट तिच्यासोबत आजूबाजूचा निम्मा बोर्डही पीत असतात, आणि यूएसबीच्या पट्टीत तेवढा दम नसतो. काही बोर्डांवर क्लिप चालते. इथे चालली नाही. आणि तीन वाचनं जिथे तीन तऱ्हांची येतात तिथे लिहायला जाणं म्हणजे हलत्या बोटीत सुईत दोरा ओवणं.

चिप काढली. आजूबाजूला उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप, पायांना फ्लक्स, हॉट एअर. प्रोग्रामरच्या सॉकेटमध्ये ठेवून लिनक्सवर फ्लॅशरॉम या सॉफ्टवेअरने तीनदा वाचली. तिन्ही हॅश एकच. ती फाईल मी दोन ठिकाणी ठेवली, एक लॅपटॉपवर आणि एक पेन ड्राइव्हवर, आणि नावात तारीख घातली. त्या दिवशी मी केलेलं हे एकच काम पुढे उपयोगी पडलं.

माझी चूक

रात्रीचे साडेनऊ झाले होते. मालक दोनदा फोन करून गेला होता. मी कंपनीच्या साइटवरून तीच नवी आवृत्ती उतरवली, डॉट कॅप शेपटाची फाईल. प्रोग्रामर विंडोजच्या मशीनला लावला, कारण तिथलं सॉफ्टवेअर हाताला सवयीचं. फाईल उघडली, पुसा, लिहा, व्हेरिफाय. व्हेरिफाय ओके. चिप बोर्डावर बसवली, बटण दाबलं.

पंखा फिरला, थांबला, फिरला, थांबला. आधी निदान सलग फिरत तरी होता.

‘व्हेरिफाय ओके’ हे दोन शब्द आमच्या धंद्यात जेवढी झोप उडवतात तेवढी दुसऱ्या कशाने उडत नसेल. सॉफ्टवेअर फक्त एवढं सांगतं की फाईलमध्ये होतं ते चिपेत उतरलं. फाईलच चुकीची असेल तर चूकही अगदी बरोबर उतरते. पण हे मला त्या रात्री सुचलं नाही. मी डाग तपासले, पिन ३ जवळ एक बारीक पूल वाटला म्हणून पुन्हा तापवलं, आणि त्या नादात पिन १ चा पॅड हलल्यासारखा झाला. तेव्हा मात्र हात खाली ठेवला आणि शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शांतपणे बसलो. चिप पुन्हा काढली, या खेपेला कमी तापमानाला वितळणारा डाग मिसळून, पॅडला जपत. पण लिहायच्या आधी मनाशी ठरवलं की अपडेट नेमकं कुठे तुटलं ते आधी पाहायचं. कालचं वाचन हाताशी होतं आणि नवी फाईलही होती. दोन्ही शेजारी ठेवून तुलना लावली.

काहीच जुळेना. पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत सगळं वेगळं.

हे अशक्य होतं. अपडेट जवळजवळ पूर्ण झालं होतं म्हणजे चिपेत बहुतेक नवीच आवृत्ती असायला हवी. मग फाईलचा आकार पाहिला. १,६७,७९,२६४ बाइट. आणि चिप १,६७,७७,२१६ बाइटची. फरक २,०४८.

कपाळावर हात मारला. या फाईलला पुढे २,०४८ बाइटचं वेष्टन असतं. आत काय आहे, कुणाची सही आहे, वगैरे माहिती त्यात असते. बोर्डाचा स्वतःचा अपडेट मेनू ते वेष्टन सोलून आतलं घेतो. प्रोग्रामर सोलत नाही, जे दिलं ते लिहितो. माझ्या विंडोजच्या सॉफ्टवेअरने फाईल चिपेपेक्षा मोठी आहे हे पाहून चकार शब्द न काढता शेवटचे २,०४८ बाइट कापले आणि बाकीचं लिहून टाकलं. म्हणजे प्रत्येक अक्षर आपल्या जागेपासून २,०४८ घरं पुढे सरकलेलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं शेपूट कापलेलं. फ्लॅशरॉमने लिहिलं असतं तर त्याने आकार जुळत नाही म्हणून नकार दिला असता. सवयीचं हत्यार सोयीचं असतं, पण कडक मास्तर बरा.

खूण पटवायला सोपी आहे. इंटेलच्या बोर्डांवर चिपेच्या सुरुवातीला एक नकाशा असतो, कुठला भाग कुठून कुठपर्यंत हे सांगणारा. त्याची ओळखखूण, ५ए ए५ एफ० ०एफ, सुरुवातीपासून १६ बाइट सोडून लगेच येते. कालच्या वाचनात ती तिथेच होती. कंपनीच्या फाईलमध्ये ती २,०६४ बाइट सोडून होती. पुढची २,०४८ बाइट कापली आणि तुलना पुन्हा लावली.

आता चित्र स्वच्छ दिसलं. नकाशात फरक नाही. नेटवर्कच्या भागात बोर्डाच्या नेटवर्कवरच्या ओळखीचा, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसचा फरक, तो असणारच. मॅनेजमेंट इंजिनच्या (चिपसेटमधल्या इंटेलच्या छोट्या प्रोसेसरच्या) भागात थोडे बदल, पण आवृत्ती नवीच, म्हणजे अपडेटने तो टप्पा ओलांडला होता. बायोसच्या भागात बोर्डाचा सिरियल नंबर आणि सेटिंग्ज साठवायची जागा सोडली तर बाइटला बाइट नवी आवृत्ती. आणि मग शेवटचे ३८४ किलोबाइट: एफएफ एफएफ एफएफ एफएफ, पानामागून पान.

रिकामी जागा म्हणजे शून्य असं आपल्याला वाटतं. फ्लॅश चिपेत उलटं. पुसलेला प्रत्येक बिट १ असतो, म्हणून पुसलेला बाइट एफएफ दिसतो. लिहिणं म्हणजे हव्या तेवढ्या १ चे ० करणं. ० चा पुन्हा १ एकट्यादुकट्याला करता येत नाही, त्यासाठी निदान ४ किलोबाइटचा अख्खा तुकडा पुसावा लागतो. पाटीवर एक अक्षर चुकलं तरी पाटीच पुसायची, तसं. अपडेट सुरुवातीपासून शेवटाकडे लिहीत आलं होतं, शेवटचा तुकडा लिहिण्यासाठी पुसून घेतला होता, आणि पाटी कोरी असताना लाईट गेली.

१६ मेगाबाइटपैकी ३८४ किलोबाइट, म्हणजे साधारण २.३ टक्के. मालक खरंच सांगत होता, थोडंच राहिलं होतं.

पण ते थोडं कुठलं? प्रोसेसर चालू झाला की पहिली आज्ञा घ्यायला ४ जीबीच्या पत्त्याला १६ बाइट कमी एवढ्या ठिकाणी जातो. ही रीत ३२ बिटच्या जुन्या प्रोसेसरांपासून चालत आलेली. आणि बायोसची चिप पत्त्यांच्या नकाशात अशी बसवलेली असते की तिचं शेवटचं टोक बरोबर ४ जीबीवर येतं. म्हणजे प्रोसेसर पुस्तक शेवटच्या पानावरून उघडतो. लिहिताना जे सगळ्यात शेवटी लिहिलं जातं, तेच चालताना सगळ्यात आधी वाचलं जातं. बूट ब्लॉक तिथेच राहतो, आणि पेन ड्राइव्हवरची फाईल शोधणारा भागही तिथलाच. अपडेटची पट्टी अर्ध्यावर असताना लाईट गेली असती, तर जुना बूट ब्लॉक शाबूत राहिला असता आणि तो पेन ड्राइव्ह कदाचित कामाला आला असता. नव्वदच्या पुढे गेली म्हणून बोर्ड पार मुका झाला.

एकदा एवढं दिसल्यावर अख्खी नवी फाईल लिहायची गरजच उरली नाही. कंपनीची फाईल जशीच्या तशी टाकली असती तर बोर्ड चालू झाला असता, पण त्याची ओळख गेली असती. अशा बोर्डांचा मॅक अ‍ॅड्रेस ८८-८८-८८-८८-८७-८८ असा दिसायला लागतो. एका पतसंस्थेत असे दोन बोर्ड एकाच नेटवर्कवर भांडताना मी पाहिले आहेत. सकाळी एक चालायचा, दुसरा आला की पहिल्याचं इंटरनेट जायचं, आणि महिनाभर सगळे केबल बदलत बसले होते. इथे तर मालकाचं सॉफ्टवेअर त्याच ओळखीला बांधलेलं. म्हणून उलटं केलं. आधार म्हणून चिपेचं मूळ वाचनच घेतलं आणि त्याच्या शेवटच्या ३८४ किलोबाइटच्या जागी सोललेल्या नव्या फाईलचे शेवटचे ३८४ किलोबाइट ठेवले. लिनक्सवर डीडी या कमांडच्या एका ओळीचं काम. आकार मोजला: १,६७,७७,२१६. जोड तपासायला बायोसच्या फाईली उलगडून दाखवणाऱ्या यूईएफआयटूलमध्ये उघडून पाहिलं, आतल्या भागांच्या बेरजा चुकल्या की ते लगेच दाखवतं. काही तक्रार नव्हती.

फ्लॅशरॉमने लिहिलं, व्हेरिफाय झालं. बसवायच्या आधी पिन १ चा हललेला पॅड भिंगाखाली पाहिला. सुटलेला नव्हता, पण भरवसा ठेवावा असाही नव्हता. पॅडपासून निघणाऱ्या रेघेवरचा हिरवा थर जरा खरवडून पायापासून तिथपर्यंत केसाएवढी तार जोडली. कंटिन्युइटी पाहिली, पिन ८ आणि पिन ४ (वीज आणि ग्राउंड) मध्ये शॉर्ट नाही हे पाहिलं.

रॅम न लावता बटण दाबलं. स्पीकर ओरडला. इतका कर्कश आवाज इतका गोड लागण्याची वेळ या धंद्यात क्वचित येते. रॅम लावली. पहिल्यांदा मशीन आपणहून दोनदा बंद-चालू झालं. सेटिंग्ज साफ झाल्यावर रॅम नव्याने जुळवून घेताना तसं होतं, घाबरून मध्येच बटण दाबू नये. तिसऱ्या खेपेला पडद्यावर बायोसचा मेनू. आवृत्ती नवी, मॅक अ‍ॅड्रेस बोर्डावरच्या स्टिकरशी जुळणारा, सिरियल नंबर जागेवर. बंद करून आय७ बसवला. त्यानेही डिस्प्ले दिला.

एक गोष्ट मात्र राहिली होती. हिरवा दिवा लागलेला यूपीएस असताना लाईट गेल्यावर मशीन बंद पडलंच कसं? मालकाला यूपीएसही आणायला सांगितला. आतल्या १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पिअर-तासाच्या बॅटरीवर मीटर लावला तर १२.७ व्होल्ट, अगदी निरोगी. मग १०० वॉटचा बल्ब यूपीएसवर लावून भिंतीतली पिन ओढली. बॅटरीचा आकडा डोळ्यांदेखत ९च्या खाली घसरला आणि चौथ्या सेकंदाला बल्ब विझला. बॅटरीवरची तारीख सव्वाचार वर्षांपूर्वीची. मोकळी मोजली तर बॅटरी भरलेली दिसते, भार टाकला की खरं वय कळतं. हिरवा दिवा फक्त लाईट आली आहे एवढंच सांगत होता. लाईट गेल्यावर काय होईल हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मालक घ्यायला आला तेव्हा त्याने तिथेच सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. लायसन्स न मागता उघडलं. अडकलेली पत्रिका पडद्यावर आली, त्यात ‘आग्रहाचे निमंत्रण’मधला ‘ग्र’ तुटला होता. तो आधीपासूनच तुटलेला होता म्हणे, त्याने दोन मिनिटांत दुरुस्त केला.

बिल करताना तो म्हणाला, “दोन संध्याकाळी गेल्या तुमच्या.” चिपेचं काम १,५०० रुपये आणि बॅटरी वेगळी, असं लावलं. त्यातली एक संध्याकाळ माझ्या त्या २,०४८ बाइटांची होती. ती बिलात धरली नाही.